गोड बटर घरच्या घरी: क्रीम घुसळण्यापासून वळकटी बांधेपर्यंत

मऊ बटरमध्ये पिठीसाखर आणि आवडीचा स्वाद घालून फेटलं की गोड बटर तयार. कृती म्हणून एवढं सांगितलं तरी ते खोटं नाही. पण याच कृतीनं केलेलं बटर कधी दाताखाली कचकचतं, कधी फाटल्यासारखं दिसतं, कधी दुसऱ्या दिवशी डबीच्या तळाशी गुलाबी पाणी सोडतं. केशर घातलं असेल तर रंग यायचं नाव घेत नाही. तक्रारी वेगवेगळ्या, पण मूळ बहुतेक वेळा एकच असतं: पाणी. कुठे ते जास्त झालेलं असतं, कुठे हवं तिथे पोचलेलंच नसतं.

बटर म्हणजे निव्वळ फॅट नव्हे. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाप्रमाणे बटरमध्ये दुधाची फॅट कमीत कमी ८० टक्के आणि पाणी जास्तीत जास्त १६ टक्के असावं लागतं. उरलेला थोडा भाग दुधातल्या प्रथिनांचा आणि साखरेचा. हे पाणी फॅटमध्ये इतक्या बारीक थेंबांनी अडकलेलं असतं की डोळ्यांना दिसत नाही आणि बोटालाही जाणवत नाही. ही घडी शाबूत आहे तोवर बटर गुळगुळीत राहतं. त्यात रस, दूध किंवा फळांचा गर ओतला की थोडं पाणी मुरतं आणि बाकीचं बाहेर पडतं. म्हणून कोणताही जिन्नस घालण्याआधी दोन गोष्टी बघायच्या: त्यात पाणी किती आहे, आणि त्याचा स्वाद फॅटमध्ये उतरतो की पाण्यात.

## विकतचं बटर घ्यावं की घरी काढावं?

विकतचं बटर खुशाल घ्या, फक्त बिनमिठाचं घ्या. खारं बटर गोड करायला गेलं की मीठ आणि साखर दोन्ही एकमेकांवर कुरघोडी करतात. घरात खारंच असेल तर कॉफी, चॉकलेट किंवा कॅरॅमलकडे वळावं, तिथे मीठ खपून जातं. संत्रं किंवा वेलदोड्याला ते मुळीच साथ देत नाही. वेष्टनावरचे घटकही वाचा. बटरसारखे दिसणारे कित्येक स्प्रेड वनस्पती तेलाचे असतात आणि त्यात पाणी बरंच जास्त असतं. त्यात आणखी मध किंवा गर घातला की ते लगेच सैल पडतात.

घरी काढायचं असेल तर किमान ३५ टक्के फॅटचं दुधाचं क्रीम हवं. २५ टक्क्यांचं हलकं क्रीम रस्सा दाट करायला ठीक, पण घुसळायला कंटाळवाणं. त्यातले फॅटचे कण यंत्रात आधीच बारीक फोडलेले असतात आणि बहुतेकदा स्टॅबिलायझरही असतो, त्यामुळे लोणी सुटायला फार वेळ लागतो किंवा सुटतच नाही. केकवर लावायचं वनस्पती तेलाचं व्हिपिंग क्रीम मात्र दिवसभर घुसळलं तरी त्याचं बटर होणार नाही, कारण त्यात दुधाची फॅट नसते.

दुधावरची साय साठवूनही उत्तम होतं. फक्त साय तापवलेल्या दुधावरची असावी आणि चार-पाच दिवसांपेक्षा जुनी नसावी. शिळ्या सायीचा वास व्हॅनिलानं झाकला जात नाही, उलट उठून दिसतो. साय विरजून लोणी काढलं तर त्याला हलकी आंबट चव आणि खास खमंग वास येतो. विरजणातले जिवाणू डायअॅसिटिल नावाचं द्रव्य तयार करतात, आणि ज्याला आपण ‘बटरचा वास’ म्हणतो तो मुख्यतः त्याचाच. ही आंबटसर छटा फळांच्या स्वादाला फार छान जाते. वेलदोडा, केशर, व्हॅनिला अशा नाजूक वासांना न विरजलेल्या क्रीमचंच बटर घ्यावं असं माझं मत आहे.

५०० मिलिलिटर क्रीममधून साधारण २०० ग्रॅम बटर निघतं. गाईच्या क्रीमचं बटर पिवळसर होतं, कारण चाऱ्यातलं कॅरोटिन तिच्या फॅटमध्ये उतरतं. म्हशीचं पांढरंशुभ्र आणि जरा घट्ट असतं. केशर किंवा बेरीचा रंग खुलून दिसावा असं वाटत असेल तर पांढरं बटर सोयीचं.

## घुसळताना काय बघायचं

क्रीम आधी किमान सात-आठ तास, शक्यतो रात्रभर, फ्रिजमध्ये राहू द्यावं. थंडीत फॅटचा काही भाग गोठून त्याचे स्फटिक तयार होतात, आणि घुसळताना हेच स्फटिक फॅटच्या गोळ्यांवरचं पातळ आवरण टोचून फोडतात. आवरण फुटलं की गोळ्या एकमेकींना चिकटतात आणि लोणी जमतं. क्रीम कोमट असेल तर सगळी फॅट पातळ असते. ती तेलकट होऊन ताकातच निसटते आणि हाती मलमासारखं काहीतरी येतं. फार गार असेल तर बिघडत काही नाही, नुसता वेळ जातो. १० ते १३ अंश सेल्सिअस हे सोयीचं तापमान. फ्रिजमधून काढून थंडीच्या दिवसांत पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवावं, उकाड्यात पाच मिनिटं पुरे.

खोलगट भांडं घ्या, अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, आणि इलेक्ट्रिक बीटर मध्यम गतीवर चालवा. मिक्सरच्या भांड्यात करायचं तर थांबत थांबत फिरवा, सलग चालवलं की पातं तापतं. घट्ट झाकणाची बरणी हलवूनही होतं, पण क्रीम जेमतेम अर्धी बरणी असावं आणि हात दुखण्याची तयारी असावी.

आता नजर भांड्यात ठेवायची. सुरुवातीला क्रीम फुगतं, बीटरच्या मागे रेघा उमटायला लागतात, मग टोकं उभी राहतात. केकसाठी आपण इथे थांबतो. इथे थांबायचं नाही. आणखी मिनिटभरात चकाकी जाते, पृष्ठभाग रवाळ दिसतो, रंगात पिवळेपणाची झाक येते. बीटरचा आवाज जड होतो, वाटतं यंत्र अडकतंय. आणि मग एका क्षणी सगळं बदलतं: घट्ट गोळा मोडतो, छपछप असा पातळ आवाज येतो आणि दुधाळ पाणी उडायला लागतं. पहिल्यांदा करणाऱ्याचा ओटा इथे हमखास रंगतो. रवाळपणा दिसताच भांड्यावर कापड टाका आणि गती सगळ्यात कमी करा. दाणे ज्वारीएवढे झाले की थांबा. त्याहून पुढे फिरवलं तर मोठा गोळा होतो आणि आतलं ताक बाहेर काढणं अवघड जातं.

सगळं गाळणीत ओतून ताक वेगळं करा. न विरजलेल्या क्रीमचं हे ताक आंबट नसतं, सायविरहित दुधासारखं लागतं. पॅनकेक किंवा ब्रेडची कणीक मळायला ते फार छान.

## धुणं टाळू नका

धुण्याचं काम लोक उरकतात, आणि बटर लवकर खराब होण्याचं मोठं कारण इथेच असतं. लोण्यात अडकून राहिलेल्या ताकात दुधाची साखर आणि प्रथिनं असतात, जिवाणूंना हवं ते सगळं. ते निघालं नाही तर बटर दोन-तीन दिवसांत आंबूस होतं.

लोण्याचे दाणे भांड्यात घेऊन त्यावर बर्फगार पाणी ओता, उलथन्यानं दाबत हलवा, पाणी टाका, परत गार पाणी घाला. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं येतं, दुसरं धूसर, तिसरं किंवा चौथं स्वच्छ. स्वच्छ आलं की थांबा. पाणी गारच हवं, नाहीतर लोणी हाताला माखतं.

मग कोरडं दाबणं. लोणी ताटावर पसरून लाकडी किंवा सिलिकॉनच्या उलथन्यानं दाबा, घडी घाला, परत दाबा. पाण्याचे थेंब पृष्ठभागावर मोत्यासारखे जमतात. ताट तिरकं करून ते सोडून द्या, कागदी रुमालानं टिपा. दाबल्यावर थेंब दिसेनासे होईपर्यंत हे करायचं. साध्या बटरला इथे थोडं पाणी राहिलं तर चालून जातं. गोड बटरला नाही, कारण पुढे मध किंवा गर आपलं पाणी घेऊन येणारच आहे. जागा आत्ताच करून ठेवलेली बरी.

## साखर आधी घालू नका, वास आधी घाला

घरी बटर काढणाऱ्यांना एक फायदा मिळतो जो विकतच्या बटरवर मिळत नाही. स्वाद क्रीममध्येच मुरवता येतो. दालचिनीचा तुकडा, ठेचलेले वेलदोडे, उभी चिरलेली व्हॅनिलाची शेंग किंवा संत्र्याच्या सालीची पट्टी क्रीममध्ये घालून ते वाफ निघेपर्यंत तापवावं, उकळू देऊ नये. झाकून गार करावं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं, सकाळी गाळून घुसळावं. या पदार्थांची सुवासिक तेलं फॅटमध्ये विरघळतात, म्हणून घुसळल्यावर वास लोण्यासोबत राहतो. बटरमध्ये कुठलाही कण दिसत नाही, तरी चव भरलेली. सगळ्यात सफाईदार गोड बटर असंच होतं.

साखर मात्र या टप्प्यावर घालायची नाही. ती पाण्यात विरघळते, त्यामुळे ताकाबरोबर निघून जाते आणि उरलेली धुताना जाते. मधाचंही तेच. गोडी नेहमी शेवटी, कोरड्या दाबलेल्या बटरमध्ये.

## बटर किती मऊ असावं

फेटण्यासाठी बटर १८ ते २० अंशांवर हवं. थर्मामीटर नसेल तर बोटानं दाबा: खड्डा पडला पाहिजे, पण बोट तेलकट होता कामा नये आणि बटरच्या कडा ताठ दिसल्या पाहिजेत. बोट आरपार गेलं किंवा बटर चकाकायला लागलं तर ते जास्त मऊ झालंय. दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून परत बघा.

लवकर मऊ करायचं तर एक सेंटिमीटरचे तुकडे करून ताटलीत पसरा, वीस-पंचवीस मिनिटांत होतं. मायक्रोवेव्हचा मोह आवरा. त्यात बाहेरून घट्ट दिसणाऱ्या तुकड्याचा गाभा वितळतो. एकदा वितळलेलं बटर सावकाश गोठलं की त्याचे स्फटिक मोठे होतात, ते जिभेला रवाळ लागतं आणि फेटल्यावर हवा धरत नाही. वर फॅट आणि पाणी वेगळं झालेलं असतं ते निराळंच.

## गोडी कशाची

दाणेदार साखर नको. १०० ग्रॅम बटरमध्ये १६ ग्रॅमपर्यंत पाणी असतं, आणि कागदावर बघितलं तर एवढ्या पाण्यात ३० ग्रॅम साखर सहज विरघळावी. प्रत्यक्षात ते पाणी फॅटच्या आत बारीक थेंबांत कोंडलेलं असतं, साखरेपर्यंत ते पोचतच नाही. म्हणून कण जसेच्या तसे राहतात आणि कितीही फेटलं तरी कचकच जात नाही. पिठीसाखरही विरघळत नाही. कण इतके बारीक असतात की जिभेला कळत नाहीत, इतकंच. घरी दळायची तर मिक्सरमधून काढून बारीक चाळणीनं चाळा, उरलेला रवा परत फिरवा. विकतच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून बऱ्याचदा कॉर्नफ्लॉवर असतं. त्यानं बिघडत नाही.

१०० ग्रॅम बटरला १५ ग्रॅम पिठीसाखर म्हणजे पुसट गोडी, २५ ग्रॅम म्हणजे ठळक. ४० च्या पुढे गेलात तर ते बटर न राहता केकवरचं क्रीम होतं. (तेही वाईट नाही, पण मग ते टोस्टवर लावू नका.)

मधात पाणी साधारण १७-१८ टक्केच असतं आणि तो दाट असतो, त्यामुळे तो बटरमध्ये छान मिसळतो. १०० ग्रॅमला ३० ग्रॅम, म्हणजे दीड टेबलस्पून, हे सुरक्षित प्रमाण. ५० ग्रॅमपर्यंत नेलंत तर बटर सैल पडतं आणि गार नसेल तेव्हा कडेनं मध पाझरतो. मेपल सिरपमध्ये जवळपास ३३ टक्के पाणी असतं, म्हणून ते जपून घालावं, किंवा आधी मंद आंचेवर थोडं आटवून पूर्ण गार करून घ्यावं. ब्राऊन शुगर आणि गुळाची पावडर दोन्ही ओलसर असतात, गुठळ्या धरतात; चाळल्याशिवाय घालू नका. कॅरॅमलसारखी खोल चव हवी असेल तर मात्र साध्या साखरेपेक्षा हीच बरी.

एक महत्त्वाचं: मध घातलेलं बटर एक वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवूही नये. मधातल्या बीजाणूंमुळे इतक्या लहान मुलांना बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते, आणि बटरमध्ये मिसळल्यानं तो धोका कमी होत नाही.

आणि चिमूटभर मीठ. गोड बटरमध्ये ते नसेल तर चव सपाट लागते.

## स्वाद: कोणता फॅटमध्ये, कोणता पाण्यात

दालचिनी, वेलदोडा, जायफळ, लिंबूवर्गीय फळांची साल, व्हॅनिला यांचा वास फॅटमध्ये उतरतो. यांना वेळ दिला की पुरे. केल्या केल्या चाखलं तर दालचिनीचं बटर फिकं वाटतं, मग माणूस आणखी अर्धा चमचा घालतो आणि दुसऱ्या दिवशी ते तिखट झालेलं असतं. कमी घालून रात्रभर थांबा. घाई असेल तर एक चमचा बटर वितळवून त्यात मसाला अर्धा मिनिट मंद परता, गार करून उरलेल्या बटरमध्ये मिसळा. पूड ताजीच हवी, विशेषतः वेलदोड्याची.

संत्र्याचा किंवा लिंबाचा रस घालू नका. रसात जवळजवळ सगळं पाणीच असतं, आणि त्या फळाचा वास मुळात सालीतल्या तेलात असतो. साल किसताना रंगीत भाग तेवढाच घ्या, खालचा पांढरा भाग कडू असतो. किसलेली साल पिठीसाखरेत घालून बोटांनी चोळली की तेल साखरेत उतरतं, साखर ओलसर वाळूसारखी होते आणि स्वयंपाकघरभर वास सुटतो. ही चोळलेली साखर फेटायला घ्या.

केशराची गोष्ट उलटी. त्याचा रंग ज्या क्रोसिनमुळे येतो ते पाण्यात विरघळतं, फॅटमध्ये नाही. कोरड्या काड्या बटरमध्ये घातल्या तर त्या काड्याच राहतात, पिवळ्या बटरमध्ये लाल रेघा. चिमूटभर साखरेबरोबर केशर खलून एक चमचा कोमट दुधात पंधरा मिनिटं भिजवा. तेवढं दूध १०० ग्रॅम बटर पेलतं, त्याहून जास्त नको. इन्स्टंट कॉफीलाही पाणी लागतं: एक चमचा कॉफी अर्धा चमचा गरम पाण्यात विरघळवून काळा दाट पाक करा आणि गार झाल्यावरच घाला. कोको मात्र फॅटमध्ये खुलतो. चमचाभर कोमट बटरमध्ये कालवून घेतला की त्याचा कोरडा, मातकट वास जातो.

फळं हा सगळ्यात अवघड विषय. ताज्या स्ट्रॉबेरीत ९० टक्के पाणी असतं. चिरून किंवा वाटून घातली तर बटर फाटणारच. सोपा मार्ग फ्रीझ-ड्राय केलेल्या, म्हणजे गोठवून पाणी काढून टाकलेल्या, फळाचा: १०० ग्रॅम बटरला १० ते १२ ग्रॅम, दळून चाळून. रंग झगझगीत, चव आंबटगोड, पाण्याची कटकटच नाही. फक्त पूड हवेतला ओलावा पटकन ओढते, म्हणून दळल्यावर लगेच वापरा.

ताजंच फळ वापरायचं असेल तर ते आटवा. १५० ग्रॅम स्ट्रॉबेरी वाटून पसरट पॅनमध्ये मध्यम आंचेवर घ्या, सतत ढवळा. सुरुवातीला फेस येतो, मग बुडबुडे जड होतात आणि उडायला लागतात. चमचा तळाशी ओढला की रेघ पडते आणि ती भरून यायला दोन-तीन सेकंद लागतात, इतकं आटलं की आंच बंद करा. साधारण ४० ग्रॅम गर उरतो. तो पूर्ण गार झाल्यावरच वापरा, कोमट गरानं बटर वितळतं. बिया नको असतील तर आटवण्याआधी गाळा. आंबा, पीच, जर्दाळू सगळ्यांना हीच रीत. खजुराचा मऊ लगदा न आटवताही चालतो, त्यात पाणी मुळात कमी असतं.

## काही प्रमाणं

ही सगळी १०० ग्रॅम बिनमिठाच्या मऊ बटरला, आणि प्रत्येकात चिमूटभर मीठ गृहीत धरलंय.

पहिल्यांदा करत असाल तर दालचिनी-मध करा, त्यात बिघडायला फारसं काही नाही: ३० ग्रॅम मध, अर्धा टीस्पून दालचिनी पूड. संत्र्याचं: एका संत्र्याची किसलेली साल, २५ ग्रॅम पिठीसाखर, दोन-तीन थेंब व्हॅनिला. वेलदोडा-केशर: २० ग्रॅम पिठीसाखर, पाव टीस्पून वेलदोडा पूड, केशराच्या बारा-पंधरा काड्या वर सांगितल्याप्रमाणे भिजवून. स्ट्रॉबेरी: आटवलेला ४० ग्रॅम गर आणि २० ग्रॅम पिठीसाखर. कॉफी: वरचा पाक आणि २५ ग्रॅम ब्राऊन शुगर. चॉकलेट: १० ग्रॅम कोको, ३० ग्रॅम पिठीसाखर.

यापेक्षा जरा जास्त कष्टाचं, पण माझ्या मते सगळ्यात चवदार म्हणजे भाजलेल्या बटरचं. ५० ग्रॅम बटर फिक्या रंगाच्या तळाच्या पातेल्यात मध्यम आंचेवर वितळवा. आधी तडतड आवाज येतो, ते पाणी उडण्याचं लक्षण. आवाज मंदावून फेस आला की लक्ष हलवू नका. तळाचे कण बदामी होतात आणि भाजलेल्या सुक्या मेव्यासारखा वास येतो. लगेच दुसऱ्या भांड्यात ओता, नाहीतर गरम पातेल्यात ते करपतं. कण टाकू नका, सगळी चव त्यांत आहे. मलईसारखं घट्ट होईपर्यंत मधूनमधून ढवळत गार करा, मग १०० ग्रॅम साध्या मऊ बटरमध्ये ३५ ग्रॅम ब्राऊन शुगरसह फेटा. पाणी उडालेलं असल्यामुळे या बटरला चमचाभर मेपल सिरपही सहज पेलतं.

## फेटण्याचा क्रम

बटर एकटंच आधी दोन मिनिटं फेटा, रंग फिका होऊन ते मलईदार दिसेपर्यंत. मग मीठ आणि साखर, पुन्हा मिनिटभर. नंतर कोरडे मसाले, आणि सगळ्यात शेवटी ओलं जे काही असेल ते. ओला जिन्नस एकदम ओतायचा नाही. अर्धा चमचा घाला, पूर्ण मुरल्यावर पुढचा अर्धा. बटरसारखाच गार-मऊ असेल तर तो मुरतो. फ्रिजमधून काढलेला गर घातला की आजूबाजूचं बटर गोठून बारीक दाणे होतात.

हलकं, फुगलेलं बटर हवं असेल तर आणखी चार-पाच मिनिटं फेटा. त्यात हवा शिरते, आकार वाढतो, थंड असतानाही ते ब्रेडवर पसरतं. मात्र हे बटर चमच्यानं मोजून बेकिंगमध्ये वापरू नका, माप चुकेल. वळकटी बांधून चकत्या कापायच्या असतील तर कमी फेटा, हवेनं भरलेली वळकटी कापताना ढासळते.

सुका मेवा घालायचा तर भाजून, गार करून, बारीक चिरून शेवटी उलथन्यानं मिसळा. तो दोन दिवसांत मऊ पडतो, म्हणून मी तर वाढताना वरून भुरभुरवणं पसंत करेन.

## फाटलं, रवाळ झालं, सैल पडलं

फेटताना बटर कुटलेल्या पनीरसारखं दिसायला लागलं आणि कडेला पाणी सुटलं तर आधी तापमान तपासा. हाताला गार लागत असेल तर भांडं कोमट पाण्यावर पाच-सात सेकंद धरा आणि फेटत राहा, बहुतेक वेळा सांधतं. भांडं कोमट असूनही फाटलेलं असेल तर पाणीच जास्त झालंय. अशा वेळी दुसऱ्या भांड्यात ३० ग्रॅम मऊ बटर घेऊन त्यात हे फाटलेलं मिश्रण चमचा चमचा घालत फेटा. तरीही न जमल्यास सुटलेलं पाणी ओतून टाका. थोडी चव जाते, बटर वाचतं.

तेलकट, चकाकणारं झालं असेल तर पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून परत फेटा. साखर कचकचत असेल तर फेटून उपयोग नाही, ते बटर केक किंवा बिस्किटाच्या पिठात वापरा.

## बांधणी आणि साठवण

बटर पेपरवर मिश्रण लांबट पसरा, कागद वरून आणा आणि पट्टीच्या कडेनं आत दाबत घट्ट गुंडाळी करा. दोन्ही टोकं उलट दिशांना पिळा. दोन तास फ्रिजमध्ये ठेवलं की चकत्या पडतात. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून घ्या. फुगवलेल्या बटरला मात्र छोट्या काचेच्या वाट्या बऱ्या, पृष्ठभागाला कागद चिकटवून झाकण लावायचं.

बटर आजूबाजूचे वास शोषतं. चिरलेल्या कांद्याशेजारी ठेवलेलं व्हॅनिला बटर कुणीही खाणार नाही. कागदात गुंडाळलेली वळकटी हवाबंद डब्यात ठेवा. उजेडानंही फॅट खवट होते, म्हणून पारदर्शक डबी फ्रिजच्या आतल्या बाजूला. विकतच्या बटरमध्ये साखर, मध किंवा कोरडा मसाला घातलेला असेल तर ४ अंशांवर दोन आठवडे टिकतं. घरी काढलेल्या बटरचं असेल तर आठवड्यात संपवा. फळाचा गर किंवा दूध घातलेलं चार-पाच दिवसांत, आणि ते टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. उणे १८ अंशांवर सगळेच प्रकार दोन-तीन महिने राहतात. चकत्या कापूनच गोठवा, म्हणजे लागतील तेवढ्या काढता येतात. गोठलेलं बटर मायक्रोवेव्हमध्ये न घालता आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा. फळाचं बटर वितळताना थोडं पाणी सोडतं, ते मऊ झाल्यावर चमच्यानं फेटलं की परत मिसळतं.

वापरताना हे बटर गरम पदार्थावर वरून घाला: टोस्ट, पॅनकेक, वॉफल, भाजलेलं रताळं, उकडलेलं मक्याचं कणीस, ओट्स. तव्यावर सोडून त्यात काही परतायला जाऊ नका. साखर आणि दुधाचे कण साध्या बटरपेक्षाही आधी करपतात आणि तवा घासायला लागतो तो वेगळाच. फ्रेंच टोस्ट करायचा असेल तर साध्या बटरवर भाजा आणि गोड बटरची चकती ताटलीत वाढल्यावर ठेवा.